पाय न टेकण्याचा खेळ

शाळेने भविष्यातला खेळ शोधून आणायला सांगितला, तेव्हा माझ्या दहा वर्षांच्या लेकीने गुरुत्वाकर्षणच काढून टाकलं. ती लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. तिच्या खेळात पायांना कामच नव्हतं.

मैदान म्हणजे आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचं पार्किंग. खांब हे ग्रह. चेंडू खांबावर आपटून आपल्या गड्याच्या हातात आला की तो ग्रह आपला. सगळ्यांनी चाकांवर बसायचं, हातांनी रेटत सरकायचं. कुणी ऑफिसची खुर्ची आणली, कुणी स्केटबोर्ड, एकाने तर बापाची चाकांची बॅग. पाय जमिनीला लागला की पन्नास आकडे होईपर्यंत जागेवर गप्प. महिनाभर पोरं हात काळे करत धडपडत होती आणि माझी लेक त्यांच्यामधून सुसाट जात होती. ती आपल्याच संघात हवी म्हणून भांडणं व्हायची. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मग सोसायटीच्या वार्षिक स्पर्धांत हा खेळ घेतला. फलकावर नोटीस लागली: 'चाकांमुळे फरशीवर ओरखडे पडतात. खेळाडूंनी धावत खेळावे.' लेकीला पंच केलं होतं.

माझं डोकंच फिरलं. तिला घेऊन तडक सेक्रेटरींच्या दारात गेले.

"अहो, पार्किंगमध्ये गाड्या काय उडत येतात?"

"वहिनी, पंचाचा मान दिलाय की तिला."

"मान ठेवा तुमच्याजवळ. तिला खेळू द्या."

त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "नियमबदलाला सर्वांची संमती आहे. आपलीसुद्धा."

वॉचमन दर आठवड्याला ते रजिस्टर घेऊन दारात उभा राहतो. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, असंच काहीतरी असतं. गॅसवर दूध असतं, दाराला टेकवून सही ठोकायची आणि आत पळायचं. वाचतंय कोण? पानावर माझी सही होती, खाली ऐटीत रेघ मारलेली.

लेकीने वाकून पाहिली. "आई, तू वाचलं नव्हतंस ना?"

"नाही गं."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि खुर्ची लिफ्टकडे वळवली.

डोंबलाचं ठीक! तिचा खेळ तिच्या आईनेच देऊन टाकला होता, दूध उतू जाईल म्हणून.