मोंबासाची यमू, उमरेडची नाळ

"पोरगी मोंबासाची म्हणून काहून सांगता लोकाईले? नाळ तर माझ्या माहेरी, उमरेडच्या परसात पुरली हाये!"

"चूप वं! उमरेडची म्हटलं तर कोणी चहाले तरी विचारते का?"

दाराआड उभ्या यमूनं आईबाबांचं हे भांडण ऐकलं, तेव्हा ती दुसरीत होती. तिचे बाबा मार्तंडराव आफ्रिकेत, मोंबासाला, रेल्वेत कारकून होते. नोकरी सुटली, बिऱ्हाड नागपूरला आलं, पण मार्तंडरावांच्या जिभेवरून मोंबासा काही उतरलं नाही. पाहुणा उंबऱ्यात आला की यमूला पुढं ओढायचे, "ही आमची मोंबासाची!" पाहुणाही असा बघायचा, जशी काही पोरगी सिंहाच्या पाठीवर बसून आली.

खरं काय ते आई त्या दिवशी बोलून गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. म्हणून ती बाई पोटुशी असतानाच आगबोटीत बसली, ओकत ओकत मुंबईला उतरली, तिथून रेल्वे, मग बैलगाडी, अन् उमरेड. लेक झाली, नाळ पुरली, लेकीनं मान धरली तशी परत बोटीत. "एवढा समुद्र मी काय हवा खायले ओलांडला?" आईनं विचारलं. मार्तंडरावांनी टोपी घातली अन् फिरायला निघून गेले. उत्तर नसलं की पुरुषांना फिरणं फार सुचतं.

पुढं यमूची यमुताई झाली. धरमपेठेतल्या वामनरावांच्या घरानं 'आफ्रिकेची मुलगी' म्हणून तिला कौतुकानं सून करून आणलं. यमुताई खरं सांगायला तोंड उघडायची, तोवर दुसरंच कोणी बोलून जायचं. शेवटी तिनं नाद सोडला. चौकातला भाजीवालाही तिला 'मोंबासावाली आजी' म्हणे, अन् भाजीवर सांबाराच्या चार काड्या फुकट टाके. सांबार म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. नागपुरात तिला तिचं खरं नाव आहे.

तर अशा या यमुताईच्या संसारात फुटबॉल आला. थोरला मुलगा अमोल विलायतेत. त्याची रितिका तिथंच जन्मली, तिथंच वाढली, अन् चेंडू असा मारायची की समोरची पोरगी बाजूला व्हायची. पण विलायतेच्या संघानं तिला काही विचारलं नाही. भारताकडून खेळायचं तर तिथला पासपोर्ट सोडावा लागतो, अन् तो सोडायचं नाव काढलं की अमोलच्या छातीत कळ येते. एरवी पंधरा ऑगस्टला त्याच्या फोनवर सगळ्यांत मोठा तिरंगा त्याचाच.

मग कोणीतरी नियम शोधला. आजी ज्या देशात जन्मली, त्या देशाकडून नात खेळू शकते, अन् विलायतेचा पासपोर्टही सोडावा लागत नाही. मोंबासा केनियात, म्हणजे रितिका केनियाची!

यमुताईला नियम आवडला. आजवर आजी म्हणजे जावळ अन् गुडघ्याचं तेल. आता आजीवर अख्खी टीम उभी.

यमुताईच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, बागेतल्या बाकावर जाहीर केलं, "आमच्या हिची जन्मभूमी केनिया." सोसायटीचे सेक्रेटरी प्रेमानंद शाल-नारळ घेऊन आले. याच प्रेमानंदांनी मागच्या वर्षी, बाहेरच्यांनी बाहेर जावं, यावर भाषण ठोकून घसा बसवून घेतला होता. आता म्हणाले, "काकू, शेवटी माणसाचं मूळ महत्त्वाचं!"

रितिकाचा फोन आला. तिचं मराठी लंगडत चालतं, पण पोचतं. "आजी, इथे सगळे मला विचारतात, तू खरी कुठली? जर्सी आली की मी दाखवणार. तू तिथेच झाली ना?"

"जेवली का?" यमुताईनं विचारलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला उमरेडचं सगळं सांगितलं. वामनरावांचा चहा बशीतच राहिला.

"अवं, मी जनमभर लोकाईले सांगून राहिलो! आता मधातच उमरेड काहून काढून राहिली? उमरेडले तर कोणीही यष्टीत बसून जाते!"

"पण पोरीले खोट्यावर उभं करू का?"

"तुह्या बापानं केलं नाही का तुले उभं?"

झालं. टोपी नव्हती म्हणून वामनराव तसेच फिरायला गेले.

रविवारी फोनच्या पडद्यावर केनियाच्या संघाचा माणूस आला. कागदपत्रं पुढं मागवणार होते, आधी आजीशी दोन शब्द. शेजारच्या चौकटीत रितिका, केस घट्ट बांधून. धाकटा सुशील नागपूरच्याच मिहानमधल्या आयटी कंपनीत रोज इंग्रजी बोलतो, म्हणून तो मधला दुभाष्या.

"आई, जन्म कुठला विचारून राहिले."

यमुताईनं नातीकडे पाहिलं. मोंबासा म्हटलं की पोरीला जर्सी. अन् मोंबासा म्हटलं की आगबोटीत ओकत आलेल्या आईची सगळी खटपट समुद्रात.

"उमरेडले," ती म्हणाली. "पह्यलं बाळंतपण माहेरी रायते आमच्यात."

सुशीलनं घाम पुसला अन् इंग्रजीत लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यात मोंबासा दोनदा आलं.

"काय गा? मी मोंबासा म्हटलंच नाही."

"आई, थांब ना तू जरा..."

यमुताईनं फोन स्वतःकडे ओढला. बोट हलवलं. "मोंबासा, नो. उमरेड, यस." नाळेचं इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पोटावर हात ठेवून जमिनीकडे दाखवलं. त्या माणसाला वाटलं आजीचं पोट दुखतं. बिचारा काळजीत पडला. रितिकाला मात्र कळलं. तिनंच त्याला समजावलं, अन् तिची चौकट काळी झाली.

घरात सुतक. प्रेमानंद पायरीवर भेटले, पण मुळाबद्दल काही बोलले नाहीत.

परवा रितिकाचा फोन आला. नाक बंद, आवाज जड. "आजी, उमरेडची टीम आहे का?"

"हाये ना. पण चेंडू गावाजवळच्या कोळशाच्या खाणीत गेला की मॅच संपते."

पोरगी हसली, हसता हसता रडली. यमुताईनं फोन ठेवला नाही. रडणं संपल्यावर रितिकानं विचारलं, "आजोबा म्हणाले, तुझी आई बोटीत खूप ओकली?" मग यमुताईनं तिला पणजीची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच मधे कोणी बोललं नाही.

मग पिशवी घेऊन ती रोजच्यासारखी चौकात गेली.

"या, मोंबासावाली आजी!"

"उमरेडवाली म्हण गा."

भाजीवाल्यानं वांगी तोलली, पिशवीत टाकली. सांबाराकडे गेलेला हात मागं घेतला. "उमरेडचा तर मी पण हावो, आजी. गाववाल्याले फुकट देलं तर धंदा कसा होईन?"

"बरोबर हाये," यमुताई म्हणाली, अन् सांबाराची जुडी उचलून, वास घेऊन, कोवळी पाहून, पैसे देऊन घेतली.