गावात गेलेत

लग्नानंतर आम्ही सावेडीला दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला ज्वारीची शेतं होती. कापडबाजार, माळीवाडा या सगळ्या जुन्या नगरला सावेडीची माणसं नुसतं 'गाव' म्हणत. महिन्याभरात मीही तसंच म्हणू लागले.

एका शनिवारी आम्ही दोघं एक साडी बदलून आणायला कापडबाजारात गेलो. नेमके त्याच सकाळी पारनेरहून माझे वडील, दादा, न कळवता आले. दाराला कुलूप. शेजारच्या निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"गावात गेलेत दोघं," त्या म्हणाल्या.

दादांच्या लेखी जावयाचं गाव एकच, पुणतांबा. असे अचानक दोघं गेले, म्हणजे तिकडे कुणाचं तरी बरंवाईट झालं. बाजरीची पिशवी बाईंकडे ठेवून त्यांनी तडक एसटी स्टँड गाठलं. आम्ही परतलो, पिशवी पाहिली आणि दादा पारनेरला परत गेले असं समजून बसलो.

ते पुणतांब्याला पोचले तेव्हा दुपार टळली होती. ओट्यावर सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्या धडधाकट दिसताच दादांनी ताडलं, गेले ते व्याहीच. त्यांना हुंदका आवरेना.

"विहीणबाई, लई वाईट झालं!"

सासूबाईंना वाटलं, नगरला आपल्या लेकाचं काहीतरी झालं. त्यांनी हंबरडाच फोडला. आळीतल्या बायका धावत आल्या आणि काही न विचारता रडू लागल्या. एवढ्यात खांद्यावर फावडं घेऊन मामंजी मळ्यातून आले.

"कोण गेलं हो?" त्यांनी दादांनाच विचारलं.

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुमी," ते म्हणाले.

"मी तर उसाला पानी देत हुतो."

मग सगळा उलगडा झाला, पण पोरं गेली कुठं, हे कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिघंही आमच्या दारात हजर. आम्ही चहा पीत होतो. सासूबाईंनी आधी लेकाला चाचपून पाहिलं, मग एक थोबाडीत दिली.

कुंपणापलीकडून बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं की, गावात गेलेत. कापडबाजारात."

"मग कापडबाजार म्हना की, बाई!" दादा ओरडले.

"तेच तर गाव."

संध्याकाळी मामंजींना ते 'गाव' बघायची हुक्की आली. दादा चार पावलं मागून चालत होते. कापडबाजारात त्यांनी एकदम एक पांढरी टोपी घेतली आणि मामंजींच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं बसवली.

"असू द्या," म्हणाले.