बसखालची कोल्हीण आणि मामांचा सूट

बस डेपोच्या टायरखात्यातल्या त्या माणसाला सगळे मामा म्हणत. ड्रायव्हर म्हणत, कंडक्टर म्हणत, मॅनेजरसाहेबही म्हणत. सख्खी बायको तेवढी "अहो" म्हणायची, आणि चिडली की तीसुद्धा मामाच म्हणायची. उभं आयुष्य चाकांत गेलेलं. टायर रिमवरून उतरवायचा, ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधायचा, ठिगळ लावायचं, हवा भरायची आणि चाकावर एक लाथ मारून म्हणायचं, "चल, पळ." अंघोळ करत नव्हते असं नाही हो. पण रबर, ग्रीस आणि डिझेल यांच्यापुढे साबणाने केव्हाच हात टेकले होते. "तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मला स्वयंपाकघरात कळतं," असं मामी म्हणायच्या.

डेपोच्या मागच्या भिंतीला भंगारात काढलेल्या बस उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या पोटाखाली एका कोल्हिणीने बीळ खणलं आणि डेपोत एकच गलका झाला. कोणी म्हणालं चावेल, कोणी म्हणालं पिसाळेल, एका बहाद्दराने तर दगड उचलला. मामा हातात टायर उतरवायची पहार घेऊन बाहेर आले. "कोण रे तो दगडवाला? जरा समोर ये, मलाही बघू दे." दगड गुपचूप खाली पडला. मग मामांनी प्रत्येकाला धरून धरून समजावलं. अरे, उंदरांनी सीटा कुरतडल्या, वायरी खाल्ल्या, कँटीनमध्ये पिठाचा डबा सोडला नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत? ही बाई फुकटात रात्रपाळी करते आहे, करू द्या.

आणि खरंच, उंदरांची पाचावर धारण बसली. पावसाळी गटाराच्या तोंडाशी, कँटीनच्या मागे, जिथे बघाल तिथे कोल्हीण आणि तिचा नर पहारा देत. मग पिल्लं झाली. चार. दिवेलागणीला मामा उलट्या रिमवर चहा घेऊन बसत आणि पिल्लं ट्यूबचे तुकडे ओढत रस्सीखेच खेळत. कोल्हीण त्यांच्या पायाजवळून अशी निघून जायची की जणू मामा म्हणजे डेपोतलाच एक खांब. घरी गेल्यावर मामांचं पिल्लूपुराण सुरू व्हायचं. मामी इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभ्या राहून आलेल्या, पण ऐकायच्या बिचाऱ्या. नातवंडं परगावी, तेव्हा कोणाचं तरी कौतुक हवंच.

अशात एक दिवस साहेबांनी मामांना बोलावलं. "मामा, भंगारवाला उद्या सकाळी क्रेन घेऊन येतोय. त्या जागेवर डिझेलची टाकी बसवायची आहे. मी एकदा पुढे ढकललं, आता माझ्या हातात नाही."

मामांना पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. बस ओढली की खालची माती ढासळणार आणि पिल्लं जागच्या जागी गाडली जाणार. त्यांनी तिथूनच वनखात्याला फोन लावला. तिथल्या बाई लगेच आल्या, वाकून बिळात बॅटरी मारली, आणि म्हणाल्या, "हाताने काढायची नाहीत. बीळ खोल आहे, आणि काढली तरी ती जन्मभर पिंजऱ्यात राहतील. कोल्हिणीच्या मनात दुसरी जागा असतेच. भिंतीपलीकडच्या झुडपात असणार. तिला इथे नकोसं झालं की ती स्वतःच एकेक पिल्लू उचलून नेईल. फक्त तिला घाबरवायचं, तेही बेताने. रेडिओ लावा, माणसांच्या घामाचे कपडे ठेवा."

मग काय विचारता. सगळा डेपो कामाला लागला. रेडिओ आला, त्यावर कर्कश जाहिराती लागल्या. ड्रायव्हरांनी आळीपाळीने हॉर्न वाजवले. कंडक्टरांनी मोजे काढून दिले, आणि त्या मोज्यांबद्दल काही न बोललेलंच बरं. कोल्हीण बाहेर आली. तिने एक मोजा हुंगला, उचलला आणि पिल्लांना खेळायला नेऊन दिला. रेडिओशेजारी अंग ताणून जांभई दिली. हॉर्नला तर तिने कानसुद्धा हलवला नाही.

बाईंनी डोक्याला हात लावला. "ही पक्की डेपोवाली झाली आहे. इथला आवाज, इथला वास, तिच्या लेखी घरच आहे हे."

मामा घरी आले ते चेहरा पाडून. ताट पुढे आलं, त्याला हात लागेना. मामींनी विचारलं तेव्हा सगळं भडाभडा बोलून टाकलं. मामी ऐकता ऐकता हसायलाच लागल्या.

"हसतेस काय? इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"अहो, तुम्ही डेपोचाच वास डेपोत नेऊन ठेवताय. ती कशाला घाबरेल? तिथे कधीच गेलं नाही असं काहीतरी न्या."

"तिथे कधीच न गेलेलं काय आहे?"

मामींनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्वच्छ माणूस," त्या म्हणाल्या.

मग जे झालं ते गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. उजाडायच्या आत मामींनी पाणी तापवलं, सुवासिक साबणाची नवी वडी फोडली आणि मामांना असं घासलं की कातडी लाल झाली. केसांना तेल, अंगाला पावडर, वर अत्तर. लेकीच्या लग्नात शिवलेला सूट कपाटातल्या डांबरगोळ्यांसकट बाहेर निघाला. मामा आरशात बघून म्हणाले, "हा कोण चोर?" पण हे जमलं नाही तर दुसरं काही उरलं नव्हतं.

तांबडं फुटताना दोघं डेपोत पोचली. बाई आधीच आलेल्या. त्यांनी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघितला. "तिथे बसा, म्हणजे तुमचा वास सरळ बिळाकडे जाईल. आणि मामा, एक शब्दसुद्धा काढायचा नाही. तुमचा आवाज तिने ओळखला की सगळं मुसळ केरात."

मामा बसले. कोल्हीण नाक वर करून बाहेर आली आणि थिजली. मानेवरचे केस उभे राहिले. तिने मामांकडे दात काढले. रोज ज्यांच्या पायाजवळून जायची, त्या मामांकडे. मामांना तो राग थेट काळजात लागला. "अगं, मी आहे," असं ओठांपर्यंत आलं, ते त्यांनी गिळलं.

ती बिळात शिरली, आणि बाहेर आली ती तोंडात पिल्लू घेऊन. भिंतीच्या भगदाडातून पार. मामींनी बाईंचा हात आवळला. थोड्या वेळाने दुसरं गेलं. मग नर आला आणि त्याने तिसरं नेलं. फाटकापाशी ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक सगळे श्वास रोखून उभे होते. तेवढ्यात रस्त्यावरून क्रेनची घरघर ऐकू आली.

चौथं पिल्लू बिळाच्या तोंडाशी कुंई कुंई करत होतं. कोल्हीण भगदाडात आली, थांबली. मामांकडे बघायची, पिल्लाकडे बघायची, पुढे पाऊल टाकायची आणि मागे सरायची. आता भीती जरा जास्तच झाली होती. क्रेन फाटकात शिरली.

मामांना सगळं कळत होतं. एक हाक मारली असती तर ती निर्धास्त आली असती, आणि त्याच निर्धास्तपणे पिल्लांना पुन्हा बसखाली घेऊन आली असती. ते उठले. तिच्याकडे पाठ केली आणि सूट सावरत क्रेनच्या दिशेने चालू लागले, अगदी सावकाश. मागे वळून बघायची नुसती ओढ लागली होती, पण मान हलू दिली नाही. क्रेनच्या समोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"मामा, लग्नाला निघालात काय?" क्रेनवाल्याने इंजिन बंद करून विचारलं. मग त्याची नजर मामांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मामा त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. फाटकातल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मामींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे डोळे हसत होते.

"नेलं?" मामांनी पुटपुटत विचारलं.

"नेलं," बाई म्हणाल्या. "चारही गेली. आणि मामा, ती आता माणसाला भिऊन राहील. तेच तिच्या भल्याचं आहे."

डेपोत असा काही जल्लोष झाला की क्रेनवाल्यानेसुद्धा काही न कळता टाळ्या वाजवल्या. मामा सूटसकट खाली मातीत बसले आणि रडले. चौथं पिल्लू जाताना सगळ्या डेपोने पाहिलं होतं, फक्त त्यांनी नव्हतं. डोळे पुसून त्यांनी मामींना जवळ बसवलं. "कशी आली ती? आधी वास घेतला का? मानेला धरलं की पाठीला? त्याने पाय झाडले का?"

मामींनी सांगितलं. मग कंडक्टरने सांगितलं, मग क्रेनवाल्याने. प्रत्येकाचं थोडं वेगळं होतं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर मामा म्हणाले, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."