बारखाली धरलेले हात

"घाबरू नको, मी हाय," असं म्हणून तो बेंचच्या मागे उभा राहायचा आणि दोन्ही हात बारखाली धरायचा, बारला न लावता. वजन उचलणारा कितीही तयारीचा असो, याचे हात तिथून हलायचे नाहीत. तुम्ही जिमला गेला असाल तर सांगा, असा ट्रेनर कधी भेटलाय? आमच्याकडचे बाकीचे मोबाइल बघत "अजून एक, अजून एक" करायचे.

मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या जिममध्ये मी काउंटरला बसते. लॉकरच्या किल्ल्या द्यायच्या आणि कुणी चपला घालून आत घुसला की ओरडायचं. ओरडण्यात मी पटाईत. तो मला वैनी म्हणायचा. वयानं माझ्याएवढाच असेल, पण सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही म्हणायची.

जिममध्ये रोज काहीतरी घोळ. एक बँकवाले साहेब चालू ट्रेडमिलवर पडलेला मोबाइल उचलायला वाकले आणि थेट माझ्या काउंटरपाशी येऊन बसले. एका नवरदेवाला लग्नाआधी दंड फुगवून हवे होते. पहिल्याच दिवशी त्यानं एवढा जोर मारला की हात वर होईनात आणि तंग टी-शर्ट डोक्यात अडकला. आतून रडका आवाज, "दादा, काढा हो!" दादानं न ओढता, न घाई करता एकेक बाही सोडवून टी-शर्ट काढला. मी हसून हसून बेजार.

"वैनी, हसू नका. लग्न हाय त्याचा."

"पण इतक्या सफाईनं कपडे उतरवायला कुठं शिकलास रे दादा?"

तो टी-शर्टाची घडी घालत बसला.

मग तो आंबा बागायतदार काकांचा प्रकार झाला. बारच्या दोन्ही टोकांना क्लिप लावायची असते, नाहीतर वजनं सरकतात. काकांनी एकाच बाजूला लावली. बार तिरका झाला, मोकळ्या बाजूची वजनं धाडधाड खाली पडली आणि जड बाजू उलटली. दादानं झडप घालून बार धरला. "आयला, वाचलो!" म्हणून काका हसत सुटले. दादा मात्र पांढराफटक. बार जागेवर ठेवून तो माझ्या काउंटरमागे आला आणि लादीवर बसला. मी पाणी दिलं, तेव्हा कुठं बोलला.

शिमग्याला त्यांच्या गावात पालखी नाचवतात. पुढे एक, मागे एक, मध्ये देव, आणि ढोलावर नाच. या दोघा भावांची जोडी बघायला लांबून माणसं यायची. आमचा हा घुम्या माणूस पालखी नाचवायचा, ऐकून मी चाटच पडले! एका शिमग्याला लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि यानं दांड्यावरचे दोन्ही हात सोडले, नुसत्या खांद्यावर देव नाचवायला.

"पालखी कलंडली, वैनी. भावानं देव खाली टेकू दिला नाय. अंगावर घेतला नि बांधावरनं खाली गेला."

भावाचं कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

"मला कुणी वायट बोलला नाय. एकानं तरी बोलायला हवा होता."

त्यानंतर तो गावाला गेला नव्हता. दवाखाना जवळ म्हणून मांडवीत खोली घेऊन भावाला सांभाळत होता. त्याला उचलायचं, अंघोळ घालायची, कपडे बदलायचे. आणि मी त्याला हसत विचारलं होतं, कपडे उतरवायला कुठं शिकलास!

यंदा शिमग्याच्या तोंडावर भावाच्या पाठीला पडून पडून झालेल्या जखमा चिघळल्या. ताप उतरेना. भावाचं एकच मागणं, पालखी दारात येईल तेव्हा मला गावच्या घरी असायचंय. डॉक्टर म्हणाले, हलवलंत तर धोका आहे, न हलवूनही फारसं हातात नाही. दादा वेड्यासारखा झाला. दर थोड्या वेळानं काउंटरपाशी यायचा.

"वैनी, नेऊ? का नको?"

एरवी ओरडणारी मी, पण तेव्हा लॉकरच्या किल्ल्याच मोजत बसायची. शेवटी म्हटलं, "ने. माझ्या दिराची गाडी आहे."

नेला. पालखी दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाडीत येणार होती. सकाळीच फोन आला. "वैनी, गेला." मी आणि हे तसेच निघालो.

घरात सुतक. पालखी खालच्या वाडीत थांबली होती, ढोल बंद. मयत उचललं की हे घर सोडून ती पुढच्या घरी जाणार. पालखी कुठं न्यायची हे ज्याच्या हाती, त्या म्हाताऱ्या गावकराच्या पायाशी दादा बसला.

"आत नको आणू. नुसती रस्त्यावरनं दिसू दे त्याला."

म्हातारा रडायला लागला. "बाबा रे, सुतकात देव कसा आणू? तूच सांग."

यालाही ते ठाऊक होतंच. तरी तो पाय सोडेना.

त्यानंतर तो जिमला आला नाही. गावीच असतो म्हणतात. बेंचमागे आता कुणी उभं राहत नाही, मीच काउंटरवरून ओरडते, क्लिपा लावा रे! ओरडते आणि रडू येतं, काय करू?

डोळ्यांपुढे येतो तो तिरडी उचलतानाचा. पुढचा बांबू याच्या खांद्यावर होता. वाडीच्या दगडी गडग्याशी माणसं खांदा बदलायला पुढे झाली, "दे रे आता, दमलास." यानं मान हलवली. दोन्ही हातांनी बांबू आवळून धरला होता, बोटं पांढरी पडली होती. पुढे बघत तो भावाला सांगत होता, "घाबरू नको, मी हाय."