तेविसावं तिकीट

सुरुवातीलाच माफी मागतो. जर्मनीवर लिहायला बसलोय आणि मी जर्मनीला कधी गेलेलो नाही. आमच्या मंडळाच्या अंकात लिहिणारे बहुतेक काका-काकू सगळं जग बघून आलेत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सातवीपर्यंत सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शिकलो, मग आत्याच्या कागदपत्रांवर आम्ही तिघं न्यू जर्सीला आलो. त्यामुळे मला लिहिण्याचा अधिकार किती, हे मलाच नक्की सांगता येत नाही. पण ही गोष्ट माझ्या बाबांची आहे आणि ते स्वतः लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

बाबा आयसेलिनमध्ये ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतात. वर्षातून एकदा सुट्टी काढून ते एका टूरबरोबर आचारी म्हणून जातात. मराठी माणसांच्या टूरबरोबर आचारी जातो हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. दिवसभर राजवाडे आणि चर्च बघितली की संध्याकाळी गरम वरण-भात पाहिजे, त्यावर लिंबू पाहिजे. टूरमधले सगळे बाबांना महाराज म्हणतात. बाबांच्या सामानाची एक मोठी ट्रंक असते. तिच्यात दोन कुकर, पोळपाट, तवे, डाळी, पिठं आणि मसाल्याचे डबे असतात. बाबांचे स्वतःचे कपडे त्याच ट्रंकेत वर, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत.

बाबा दोनदा जर्मनीला जाऊन आले होते. पहिल्या वेळी परत आले तेव्हा मी त्यांना कलोनच्या कॅथीड्रलबद्दल विचारलं. ते म्हणाले, दोन टोकं दिसली बसच्या काचेतून, फार उंच आहेत, आणि मग बस पार्किंगला गेली. दुसऱ्या वेळी हायडेलबर्गला लोक नदीपलीकडून किल्ला बघत होते तेव्हा बाबा खाली राजमा निवडत होते. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पार्किंग चांगलं होतं, सावली होती, असंच सांगितलं.

ज्या काकूंची ती टूर कंपनी आहे त्यांचं ऑफिस साडीच्या दुकानाच्या वर आहे. शनिवार-रविवार मी तिथं काम करतो. फोन घेणं, व्हिसाचे फॉर्म तपासणं, प्रिंट काढणं. गेल्या हिवाळ्यात काकूंनी मला म्हटलं की जर्मनीचा या वर्षीचा कार्यक्रम तूच लिहून काढ, मी नंतर बघते. मला वाटलं त्या थट्टा करतायत. त्यांनी खरंच माझ्यापुढे मागच्या वर्षीची फाईल ठेवली.

मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून तीन आठवडे ते काम केलं. परीक्षेचा अभ्यास मी इतक्या नेटानं केलेला नाही. ऱ्हाइन नदीवर बोटीतून जाताना डोंगरावरचे किल्ले एकामागून एक कसे दिसतात, कोणत्या बाजूला बसलं तर जास्त दिसतात, हे मी लिहिलं. कलोनचं कॅथीड्रल बांधायला सहाशे वर्षं लागली आणि मधली कित्येक शतकं त्याच्या अर्ध्या मनोऱ्यावर एक क्रेन तशीच उभी होती, हे मला फार आवडलं. रोथेनबुर्गच्या तटावरून चालता येतं, पण वाट अरुंद आहे आणि छप्पर खाली आलंय, म्हणून उंच लोकांनी डोकं सांभाळावं, हेही लिहिलं. म्युनिकच्या चौकातल्या घड्याळात अकरा वाजता बाहुल्या नाचतात. ड्रेस्डेनला युद्धात कोसळलेलं चर्च पुन्हा उभं केलंय. जुने दगड काळे, नवे पिवळट, असे शेजारी शेजारी दिसतात. बर्लिनमध्ये भिंत जिथून जात होती तिथं रस्त्यावर दगडांची दुहेरी ओळ आहे, लोक ती ओलांडून कॉफी प्यायला जातात. मी हे सगळं फोटोंमध्ये आणि नकाशांवर पाहिलं. कधी कधी वर्गात बसलो असताना मला वाटायचं की मी त्या गल्ल्यांमधून चालून आलोय.

कार्यक्रमातला सगळ्यात मोठा दिवस नॉयश्वानस्टाइनचा. आल्प्सच्या पायथ्याशी कड्यावर बांधलेला तो पांढरा किल्ला सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेला असतो. बव्हेरियाच्या एका राजानं तो स्वतःसाठी बांधला आणि त्यात तो जेमतेम काही महिनेच राहिला. आत जायला तिकिटावर वेळ छापलेली असते. ती वेळ चुकली तर तिकीट वाया. टूरमध्ये बावीस लोक होते. मी बुकिंग करताना तेवीस आकडा टाकला.

काकूंनी तो आकडा बघितला आणि चष्मा वर केला. मी म्हटलं, बाबांसाठी. त्या म्हणाल्या की माझी हरकत नाही, पण लोक गरम जेवणासाठी आपल्याकडे येतात. एक जेवण जरी चुकणार असेल तर महाराज खाली राहतील. मी कबूल केलं.

बाबांना पटवणं जास्त अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, मी कामाला जातोय, बघायला नाही. मग मी त्यांच्यापुढे त्या दिवसाचा तक्ता ठेवला. मुक्काम शनिवार-रविवार किल्ल्याजवळच्या एका मोठ्या गेस्ट हाऊसमध्ये, तिथं किचन आहे. रविवारी सकाळी आठला भाजी आणि पाव आणायचे. दुपारच्या डब्याला तिखटामिठाच्या पुऱ्या. रात्री पावभाजी, भाजी अकरापर्यंत घोटून तयार, परत आल्यावर फक्त गरम करायची. किल्ल्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटं. बाबांनी तक्ता दोनदा वाचला. बटाटे किती लागतील ते खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तेव्हा मला कळलं की ते जाणार.

आमच्या सगळ्यांचीच एक चूक झाली होती आणि ती एकालाही दिसली नाही. ओक ट्री रोडवर रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. मंदिरातून निघालेली गर्दी, भाजीच्या दुकानाबाहेर ट्रॉल्यांची रांग, पार्किंगसाठी वीस मिनिटं चकरा. आम्ही रविवारी बाजार करतो, म्हणून मी जर्मनीतही रविवारीच बाजार लिहून टाकला. आधीच्या दोन्ही वेळी बसचा ड्रायव्हर बाबांना सामान आणून द्यायचा, त्यामुळे कुठल्या वारी काय उघडं असतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी मी सात वाजता उठलो तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजला होता. फोनवर बाबांच्या आवाजातला निरोप होता, साडेतीन तासांपूर्वीचा. "अरे, इथं सगळी दुकानं बंद आहेत. रविवारी बंदच असतात म्हणे. पेट्रोलपंपावर नुसतं दूध मिळालं. बघतो काय होतंय. तू नाश्ता कर."

मी तो तीन वेळा ऐकला. पाव नाही, भाजी नाही. म्हणजे रात्रीच्या जेवणाला ट्रंकेतल्या पिठांवर भागवायचं, पिठलं आणि पोळ्या. बावीस लोकांच्या पोळ्या म्हणजे सत्तर-ऐंशी होतात. एकटा माणूस त्या करायला बसला की त्याची दुपार गेली. मी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. आईनं विचारलं काय झालं, तर मी काही नाही म्हटलं आणि मग सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं की त्यांच्याकडे कांदे आहेत ना.

आठ वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा मी किचनच्या ओट्याला टेकून मायक्रोवेव्हवरच्या घड्याळाकडे बघत उभा होतो. मग अकरा मिनिटं झाली.

दहाला ऑफिसला गेलो आणि काकूंना सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी कार्यक्रमाचा कागद काढला, रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "कॉलेजात एवढी पुस्तकं वाचलीस, आणि वार वाचला नाहीस?" मग त्यांनीच कागद बाजूला केला. "मीही चार वेळा वाचलाय हा. चल, फोनपाशी बस. आज दुसरं काम नको."

बसलो. त्या दिवशी तीन लोक व्हिसाची चौकशी करायला आले, त्यांना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. मला बाबा डोळ्यांपुढे दिसत होते, एका अनोळखी किचनमध्ये पोळपाटापुढे, आणि खिडकीतून तो किल्ला. सगळ्यात वाईट हे वाटत होतं की यावेळी त्यांच्या मनात बघण्याची इच्छा मीच घातली होती. आधी ती नव्हती. निदान ते तसं दाखवत तरी नव्हते.

साडेबारानंतर फोन वाजला. बाबांचा नंबर नव्हता. टूरमध्ये एक डॉक्टर काका-काकू होते, आमच्याच टाउनमध्ये राहतात, दोघंही रिटायर झालेत, त्यांच्या गणपतीचा स्वयंपाक बाबाच करतात. फोन त्या काकूंचा होता. मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "आधी मला सांग, तुझे बाबा खोटं बोलायला कधी शिकणार?"

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी नाश्त्याला कुणीतरी कुरकुर केली की रविवारचा बाजार कुणी लिहिला. बाबा म्हणाले, माझ्याकडूनच सांगायचं राहिलं. पण हे म्हणताना त्यांनी हातातला पोह्यांचा झारा दोनदा खाली ठेवला आणि उचलला, त्यावरून काकूंनी ओळखलं. मग त्यांनी वाटायला घेतलेली किल्ल्याची तिकिटं मोजली. तेवीस भरली. हे जास्तीचं कुणाचं, म्हणून विचारल्यावर बाबा तव्याकडे बघत म्हणाले, "पोरानं काढलंय. पण जेवणाचं बघायला पाहिजे."

काकूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की किल्ल्यावरून परत आल्यावर पोळ्या आम्ही बायका लाटणार. एक-दोघींनी सांगितलं की गेल्या कित्येक वर्षांत आम्ही फ्रोझन पोळ्याच गरम केल्यात. तर मग आज सराव होईल, असं काकू म्हणाल्या. कणकेचा प्रश्न डॉक्टर काकांनी सोडवला. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले, ते चढ चढणारच नव्हते. बाबांनी नको नको म्हणून हात जोडले. काका म्हणाले, "महाराज, मी माणसांची पोटं शिवलीत. कणीक मळता येईल मला." बाबांनी त्यांना पाणी किती घालायचं ते तीनदा सांगितलं, पिठलं करून झाकून ठेवलं, हात धुतले, ट्रंकेतल्या पिशवीतून इस्त्रीचा शर्ट काढला. मी तो शर्ट ट्रंकेत भरताना पाहिला नव्हता.

"कणीक सैल झालीय," काकू म्हणाल्या, "पण चालवून घेतोय. हे घे, बोल त्यांच्याशी."

फोन बाबांच्या हातात गेला. बाबांना फोनवर बोलताना नेहमी जरा मोठ्यानं बोलायची सवय आहे. ते म्हणाले, "आत जाऊन आलो बघ."

मी विचारलं, कसं होतं. मला वाटलं ते सिंहासनाच्या दालनाबद्दल सांगतील. छताला लटकणारा तो मोठा दिवा, भिंतींवरचे हंस, याबद्दल मी पानभर लिहिलं होतं. ते म्हणाले, ते सगळं चांगलं आहे, सोनं पुष्कळ आहे, फोटो काढू देत नाहीत. पण बाहेर पडताना शेवटी राजाचं स्वयंपाकघर दाखवतात. त्याबद्दल माझ्या कार्यक्रमात एक ओळसुद्धा नव्हती. मला ते ठाऊकच नव्हतं.

तिथं बाबा थांबले. बाकीचे पुढे निघाले होते. भाजायची एक मोठी सळई होती, आणि ती फिरवायला माणूस लागत नाही असं काहीतरी गाईड बोलत गेली होती. बाबांनी डॉक्टर काकूंना मराठीत सांगितलं की विचारा, मग फिरते कशी. काकूंनी इंग्रजीत विचारलं. गाईड परत आली आणि तिनं सांगितलं की धुराड्यातून वर जाणारी गरम हवा एक चक्र फिरवते, त्याच्यावर सळई फिरते. विस्तव मोठा केला की ती आपोआप जोरात फिरते. बाबांनी अजून विचारलं, एका वेळी किती माणसांचा स्वयंपाक व्हायचा, चूल मधे का ठेवलीय, धूर कुठून जातो. काकूंनी प्रत्येक प्रश्न इंग्रजीत करून दिला. गाईड घड्याळ न बघता उत्तरं देत राहिली. आणि बाकीची वीस माणसं, त्यातले निम्मे डॉक्टर आणि इंजिनिअर, महाराजांचे प्रश्न संपेपर्यंत दारात उभी राहिली.

हे सांगताना बाबांचा आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही, मी प्रयत्न केला आणि खोडलं. ऑफिसमधल्या काकू माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना मान हलवून सांगितलं की हो, गेले आत.

मग पलीकडून कुणीतरी तवा तापल्याचं ओरडलं आणि बाबांना घाई झाली. ठेवताना ते म्हणाले, "तुझ्या आईला सांग, राजाच्या आचाऱ्याला पाणी तापवावं लागत नव्हतं. गरम पाण्याचा नळ होता तेव्हा. मी स्वतः हात लावून बघितला."