डॉक्टरांच्या गोष्टीतला माणूस

"नाव दिलं की लोक गाव विचारतात," असं म्हणून डॉक्टर चष्मा काढायचे आणि टेबलावर उलटा ठेवायचे. म्हणजे त्या दिवशीचं लिहिणं सुरू.

इंग्लंडात लीड्सला ते आमच्या शेजारच्या घरात राहायचे. सगळी नोकरी हॉस्पिटलात एक्स-रे बघण्यात गेली. नव्वद सालच्या आसपास ते रिटायर झाले, बायको वारली आणि डोळेही अधू झाले. तेव्हा त्यांनी कादंबरी धरली. ते सांगायचे, मी लिहायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर मोठं आणि सुटं. "तुमचं मला भिंगातून दिसतं," म्हणाले. मी बुजरी, मध्ये बोलणार नाही, हेही त्यांनी हेरलं असावं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर बसलेल्या माणसापेक्षा त्याच्या आतलं काहीतरीच त्यांना खरं वाटतं.

कादंबरीत एकच माणूस होता. त्याला नाव नव्हतं, घर नव्हतं. एका बंद दारापुढे उभा राहून तो स्वातंत्र्य म्हणजे काय याचा विचार करायचा. दोन वह्या भरल्या तरी तो दारातच. एकदा मला राहवलं नाही.

"डॉक्टर, हा जेवतो कधी?"

"त्याला भूक नसते, वहिनी. तो माणूस नाही, विचार आहे."

"मग त्याची बायको सुटली म्हणायची."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "हे लिहू नका हं."

रविवारी त्यांचा मुलगा समीर नॉटिंगहॅमहून यायचा. इथेच जन्मलेला, मराठी वाचता येत नव्हतं. बाप-लेक हवेबद्दल बोलायचे, बॉयलरबद्दल बोलायचे. मग तो किचनमध्ये येऊन मला मोडक्या मराठीत हळूच विचारायचा, "काकू, मी आहे का बाबांचा बुकमध्ये?"

"अजून नाही आलास रे."

"ओके. नेक्स्ट वीक."

हसत म्हणायचा, पण दर रविवारी विचारायचा. चाळिशीला आलेला माणूस.

शेवटी मीच धीर केला. "डॉक्टर, गोष्टीत एक मुलगा घालू या का? दारापाशी नुसता उभा राहील."

"मुलगा आला की तो कुणाचा तरी होतो. मग वाचणारा त्याच्यासाठी रडतो आणि विचार राहून जातो. लिहा, नवीन ओळ."

मी नवीन ओळ लिहिली.

सात वह्या झाल्या. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी नकार कळवला. पत्रं मीच वाचून दाखवली. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यात गेले.

मग समीर वह्या घेऊन आमच्याकडे आला. "काकू, वाचून दाखवा ना. ऑल ऑफ इट."

चार रविवार मी वाचत होते. अस्तित्व, पोकळी असे शब्द यायचे. तो अर्थ विचारायचा आणि मला सांगता यायचा नाही. वहीकडे न बघता तो माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

"हा मॅन म्हणजे बाबा?"

"माहीत नाही रे."

"मग मी कोण? डोअर?"

मी पुढे वाचत राहिले.

शेवटच्या वहीची चार पानं उरली तेव्हा तो उठला, कोट घातला. "बस काकू. थँक यू." वह्या त्याने नेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी ती चार पानं उघडली. त्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं, माझ्याच हाताने लिहिलेली होती. तरी कुठे मुलगा आलाय का म्हणून एकेका ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत बघितलं.