आठव्या खणातलं कौशल्य

सोमवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी काकांनी संगणकावरच्या खेळात आपल्या नायकाच्या आठव्या आणि शेवटच्या खणात ‘साक्षी’ हे कौशल्य घेतलं. पर्याय दोन होते, ‘साक्षी’ आणि ‘मौन’. त्यांना जे हवं होतं ते ‘मौन’मध्ये होतं. एका छापील तक्त्यावर भरवसा ठेवून त्यांनी निवड केली. तो तक्ता मी केला होता.

आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो ते आमच्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय. पान छपाईला जाण्याआधी त्याची प्रत काकांच्या टेबलावर जायची आणि लाल खुणा, शेवटी सही, अशी परत यायची. त्या आठवड्याच्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. मी पुरवणीचा उपसंपादक. जेवणाच्या सुट्टीत, संदर्भ विभागातल्या एका जुन्या संगणकावर, आम्ही दोघं चार वर्षं एकच खेळ खेळत आलो होतो.

खेळ राज्य जिंकण्याचा. प्रत्येकाचा एक मुख्य नायक असतो. तो सैन्य घेऊन नकाशावर फिरतो, लढतो, आणि लढायांच्या अनुभवावर एकेक पायरी वर चढतो. प्रत्येक पायरीला खेळ दोन कौशल्यं पुढे करतो. त्यातलं एकच घेता येतं. नायकाला आठ खण असतात. घेतलेलं कौशल्य टाकता येत नाही, खण भरले की नवं काही येत नाही.

संगणक एकच असल्यामुळे पाळीपाळीने खेळायचं. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने खिडकीशी जाऊन पाठ करून उभं राहायचं. खिडकीतून समोरच्या गाळ्याचे पत्रे दिसायचे, त्यामागे मेट्रोचा पूल. एक डाव साधारण चार महिने चालायचा. निकाल एका वहीत लिहायचे. वहीत आधीचे अकरा डाव होते आणि अकराही माझ्या नावावर होते. बारावा सुरू झाला त्या दिवशी काका म्हणाले होते, “जाताना एक तरी जिंकून जातलंय.” त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

चांगली कौशल्यं कोणती, यावर आमचं कधी जमलं नाही. माझं मत ठरलेलं होतं. पहिल्या खणात ‘चाल’, म्हणजे नायक एका दिवसात जास्त अंतर कापतो. मग ‘शहाणपण’, त्याशिवाय मोठे मंत्र शिकता येत नाहीत. मग ‘भूमंत्र’. पहिले चार खण नीट भरले की उरलेले कसेही भरा. काका ‘नेतृत्व’ आणि ‘धनुर्विद्या’ घ्यायचे. नेतृत्वाने सैनिकांचा उत्साह वाढतो आणि एखाद्या तुकडीला कधीकधी लागोपाठ दोन पाळ्या मिळतात.

“कधीकधीवर राज्य चालत नाही, काका.”

“माझो बापूस गिरणीत होतो, मागावर,” ते म्हणाले. “मुकादम बरो असलो की साचे बरे चालत. तुझ्या शहाणपणान एक साचो चालूचो नाय.”

आमची पानं लावणारी मुलगी डबा घेऊन तिथेच बसायची. खेळ तिला येत नव्हता, पण निकाल तोंडपाठ होते. “अकरा-शून्य,” ती म्हणायची. “काका, मुकादम बदला.”

“तू जेव, बाय.”

तक्ता तीन वर्षांपूर्वीचा. खेळातली माहिती इंग्रजीत, बारीक अक्षरात. माउसचं उजवं बटण दाबून धरलं तरच ती दिसायची, आणि काकांना त्या पडद्यावर वाचणं जड जायचं. म्हणून मी सगळी कौशल्यं आणि सगळे सैनिक मराठीत आणून एका पानाचा तक्ता केला. नावंही मीच दिली. आधी माझ्या एका वहीत लिहून काढला, मग टाइप केला. काकांनी छापील प्रत माझ्या वहीशी ताडून वाचली, चार दुरुस्त्या काढल्या, खाली सही केली. सुधारलेला तक्ता कपाटाच्या दाराला चिकटवला गेला. वाद झाला तर तक्ता प्रमाण, असं ठरलं. तीन वर्षांत तक्त्यावर कुणी शंका घेतली नव्हती, कारण त्यावर काकांची सही होती.

सोमवारी ते दोन पर्याय आले तेव्हा काका नावं मोठ्याने वाचून कपाटाशी गेले. माझा नायक मांत्रिक होता आणि अकराही डाव मी मुख्यतः मंत्रांवर जिंकलो होतो. त्यावर तोड असलेलं कौशल्य त्यांना प्रथमच मिळत होतं. तक्त्यात लिहिलं होतं : साक्षी – शत्रूचा मंत्र अनेकदा निष्फळ ठरतो. मौन – शत्रूने लढाईत वापरलेला मंत्र पाहून शिकता येतो. त्यांनी ‘साक्षी’ घेतलं. बसताना म्हणाले, “आता टाक तुझे मंत्र.”

मंगळवारी त्यांच्या मुख्य नायकाने माझ्या एका दुय्यम नायकाला पुलाजवळ गाठलं. छोटी लढाई होती. मी ‘मंदगती’ हा मंत्र तीनदा टाकला. ज्या तुकडीवर तो पडतो तिचा वेग निम्मा होतो. तिन्ही वेळा तो लागू पडला. माझा नायक हरून पळाला. लढाई संपल्यावर पडद्यावर एक ओळ आली : आपला नायक ‘मंदगती’ शिकला आहे.

“ह्यां काय रे?” काकांनी विचारलं.

“असेल काहीतरी,” मी म्हणालो.

चार वाजता पुरवणीचं पान छपाईला सोडल्यावर मी एकटा संदर्भ विभागात गेलो आणि दोन्ही कौशल्यांवर उजवं बटण दाबून माहिती वाचली. तक्त्यात दोघांची माहिती अदलाबदल झाली होती. मी माझी जुनी वही काढली. वहीतही तशीच होती. इंग्रजीतून उतरवताना माझी ओळ सरकली होती.

मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. बुधवारी आम्ही पाळ्या खेळलो. काकांचा नायक मोठ्या लढाईच्या तयारीने माझ्या राजधानीकडे निघाला, मंत्र अडवण्याची सोय आपल्याकडे आहे असं धरून. मी खिडकीशी उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर सैन्य एकत्र केलं.

गुरुवारी सकाळी मला पुरवणीसाठी एक दुरुस्ती लिहावी लागली. आदल्या अंकात एका छायाचित्राखाली दोन पाहुण्यांची नावं उलटी गेली होती. तीन ओळींचा मजकूर होता. तो काकांकडे वाचायला नेला, त्यांनी वाचून सही केली. मी तिथेच उभा राहिलो.

“काका, आपल्या तक्त्यातही चूक आहे.”

“खंयच्या?”

“कपाटावरच्या. साक्षी आणि मौन. माहिती उलटी पडली आहे.”

ते चष्मा घेऊन उठले. संदर्भ विभागात कपाटासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, मग खालची आपली सही पाहिली.

“मूळ प्रत आसा?”

मी वही दिली. त्यांनी बोट ठेवून ताडून पाहिलं.

“म्हणजे प्रूफ बरोबर होतां.”

“हो. मूळच चुकलं होतं.”

“तुका कधी कळलां?”

“मंगळवारी.”

“आज गुरुवार,” काका म्हणाले.

पानं लावणारी डबा उघडत होती. “म्हणजे दोन दिवस हा गप्प,” ती म्हणाली. “मौन तर यानेच घेतलंय, काका.”

काकांनी वही मिटून मला परत दिली.

सोमवारचा डाव संगणकात साठवलेला होता. तिथवर मागे जाऊन निवड बदलू या, असं मी सुचवलं. मग म्हणालो, नाहीतर शेवटच्या लढाईत मी मंत्र वापरत नाही.

“खैरात नको,” काका म्हणाले. “आणि मागे कित्याक जायचां? छापलेलो अंक परत मागवतत काय? गेलो तो गेलो. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देतत.” ते पुन्हा तक्त्याकडे वळले. “दुरुस्ती दे. त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात.”

मी दोन ओळींची पट्टी छापून आणली. त्यांनी ती वाचली, पण सही केली नाही. खुर्ची ओढून संगणकासमोर बसले, उजवं बटण दाबून धरलं आणि पडद्याला नाक लागेल इतकं वाकून ‘साक्षी’ची माहिती वाचली. नंतर ‘मौन’ची. मग पट्टीवर सही केली. मी ती चिकटवली.

“आज पाळी नको,” ते म्हणाले. “माका वाचायचां आसा.”

त्या दुपारी ते पाऊण तास वाचत होते. संध्याकाळी पानं संपल्यावर पुन्हा बसले. तक्ता दारावरून काढून त्यांनी मांडीवर घेतला होता. एकेक कौशल्य, एकेक सैनिक पडद्यावर उघडून तक्त्याशी ताडणं चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तक्ता माझ्या वहीशी ताडला होता, खेळाशी कधी ताडला नव्हता. इंग्रजी शब्द अडला की ते शब्दकोशाच्या फडताळाकडे जायचे. मी घरी निघालो तेव्हा ते तिथेच होते.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तक्ता पुन्हा दारावर होता. समासात लाल खुणा होत्या. पानं लावणारीने मला हाक मारून सांगितलं, “अजून चार चुका निघाल्या. बघून घे.” मी लांबूनच पाहिलं. माझाच तक्ता होता, त्यातलं सगळं मला ठाऊक आहे असं समजून मी जवळ गेलो नाही.

दुपारी तीन वाजता काकांच्या निरोपाचा चहा होता. त्याआधी डाव संपायला हवा होता. दीड वाजता त्यांचा नायक माझ्या राजधानीसमोर उभा राहिला. मी बाहेर येऊन लढाई दिली. माझ्याकडे दहा पाषाणराक्षस होते, या खेळातले सगळ्यांत जड सैनिक. त्यांच्याकडे तिरंदाजांच्या दोन मोठ्या तुकड्या आणि पुढे भालेकरी. मैदानाच्या मध्यावर राक्षस पोचले की तिरंदाज संपतात, हे आम्हा दोघांना अनुभवाने माहीत होतं. लढाईत दोघांनाही पडद्यासमोर बसता येतं, त्यामुळे आम्ही शेजारी बसलो.

पहिल्या फेरीत मी विजेचा मंत्र तिरंदाजांवर टाकला. तो लागू पडला. अडवायला ‘मौन’ नव्हतं. एका तुकडीचा तिसरा हिस्सा गेला.

काकांनी आपल्या नायकाच्या मंत्रांची यादी उघडली. तिच्यात मोजके मंत्र होते, शेवटचा मंगळवारी शिकलेला. त्यांनी ‘मंदगती’ निवडून माउसचा बाण माझ्या राक्षसांवर नेला.

“त्यांच्यावर मंत्र चालत नाही, काका. वाया जाईल.”

“दारावर बघ.”

मी वळून पाहिलं. पाषाणराक्षसांच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘कोणताही मंत्र चालत नाही’. ‘कोणताही’वर लाल रेघ होती आणि समासात काकांच्या अक्षरात ‘इजा करणारा’ असं होतं. म्हणजे वीज आणि आग चालत नाही. बाकीचे चालतात.

त्यांनी बटण दाबलं. राक्षसांचा वेग निम्मा झाला.

तीन वर्षं मीही त्याच ओळीवर खेळत आलो होतो. मंत्र काढून टाकण्याचा उतारा खेळात आहे, पण राक्षसांना त्याची गरज पडणार नाही म्हणून मी तो शिकून ठेवला नव्हता.

दुसऱ्या फेरीपासून राक्षस पावलापावलाने येत राहिले आणि तिरंदाज बाण मारत राहिले. धनुर्विद्या काकांनी शेवटच्या पायरीपर्यंत नेली होती. दोनदा नेतृत्वामुळे त्यांच्या तुकडीला जादा पाळी मिळाली. मी दर फेरीला वीज टाकली. एकही मंत्र निष्फळ गेला नाही. मी जिंकण्यासाठी खेळलो. मुद्दाम हरलास का, असं नंतर काकांनी आणि पानं लावणारीने वेगवेगळं विचारलं, म्हणून हे नोंदवतो. पाचव्या फेरीत माझ्या नायकाची मंत्रशक्ती संपली. सहाव्या फेरीत तीन राक्षस भालेकऱ्यांपर्यंत पोचले. भालेकरी संपले. सातव्या फेरीत एकच राक्षस उरला.

“आता पळशील?” काकांनी विचारलं. लढाई अर्ध्यात सोडून नायकाला पळवता येतं.

“नाही.”

आठव्या फेरीत शेवटचा राक्षस पडला. काकांचे नऊ तिरंदाज शिल्लक होते. राजधानीत माझं सैन्य नव्हतं. पुढच्या पाळीला त्यांचा नायक आत शिरला आणि डाव संपल्याचा फलक आला. तोही त्यांनी पूर्ण वाचला.

“काका, अकरा-एक,” पानं लावणारी म्हणाली.

“लिही,” काकांनी निकालांची वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि तारखेपुढे राहिलेला पूर्णविराम दिला.

तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. शनिवारच्या पुरवणीचं तिसरं पान वाचायचं राहिलं होतं. काका आपल्या टेबलावर गेले. तीनच्या चहाला त्यांना पंधरा मिनिटं उशीर झाला. त्या पानावर त्यांनी सहा खुणा केल्या होत्या. मी त्या सहाही खुणा मूळ मजकुराशी ताडून पाहिल्या आणि पान पाच वाजून दहा मिनिटांनी छपाईला सोडलं.